तीन वाऱ्यांची खाणावळवाली

रेइनो हापालाबद्दल सांगायचं म्हणजे आधी माझा राग सांगावा लागेल, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. चोवीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी काम केलं. कॅनडातल्या थंडर बे गावच्या आमच्या बर्फाच्या रिंकमध्ये मी स्केटच्या पात्यांना धार लावते आणि तो बर्फगाडी चालवतो. दर तासाला हॉकीवाली पोरं बर्फ खरवडून ठेवतात, भोंगा वाजतो, आणि रेइनो ती अवाढव्य गाडी घेऊन मैदानावर येतो. गोल गोल फिरतो, मागे गुळगुळीत बर्फ सोडत जातो, एखाद्या लहान पोराने हात हलवला की टोपीला हात लावतो आणि परत आत येतो.

राग कशाचा, तर हा माणूस चांगली म्हणून जी वस्तू असेल ती राखून ठेवतो. बहिणीने सहा वर्षांपूर्वी दिलेला लोकरीचा कोट अजून दुकानाच्या पिशवीत आहे, कारण तो चांगल्या दिवसाला घालायचा आहे. तो चांगला दिवस काही उगवत नाही आणि उणे तीसमध्ये साहेब कोपराला चिकटपट्टी लावलेलं जाकीट घालून फिरतात. डब्यात पर्शियन असला, म्हणजे आमच्याकडचा तो गुलाबी साखरेचा थर दिलेला बन, तर हा आधी कोरडा पाव चावत बसणार. पर्शियन शेवटी. तेवढ्यात भोंगा वाजतो, हा गाडीवर जातो, आणि परत येईपर्यंत तो पर्शियन मी खाल्लेला असतो. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. राखून ठेवलेल्या गोष्टी कोणीतरी दुसराच खातो हे त्याला कळावं म्हणूनच मी खायचे, पण चोवीस वर्षांत त्याला ते कळलं नाही.

आता त्याच्या वेडाचं सांगते. इंटरनेटवर पत्त्यांचा एक खेळ आहे. आपल्या भाषेत त्याचं नाव 'वादळबंदर' असं होईल. दोघांनी खेळायचा. दोघांचं एकेक बंदर, बंदराला वीस दगडांची भिंत. समोरच्याची भिंत आधी पाडेल तो जिंकला. पत्ते म्हणजे खलाशी. प्रत्येकाचा मार किती आणि दम किती ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. आणि पत्ता टाकायला वारा लागतो. पहिल्या पाळीला एक वारा मिळतो, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असं वाढत जातं. म्हणजे तीन वाऱ्यांचं कार्ड तिसऱ्या पाळीपासून पुढे कधीही टाकता येतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मला रेइनोने शिकवलं तेव्हा यापेक्षा जास्त काही लक्षात राहिलं नव्हतं आणि तरी मी त्याला दुसऱ्याच आठवड्यात हरवलं.

खरी मजा पुढे आहे. या खेळाची चाहते मंडळी 'घाट' नावाच्या एका साइटवर जमतात आणि स्वतःची कार्डं बनवतात. खेळ बनवणाऱ्या कंपनीचा त्यात काही संबंध नाही, हा सगळा हौसेचा मामला. कार्डाचं नाव काय, चित्र कसलं, मार किती, दम किती, वारे किती, आणि त्याची करामत काय. वाचायला सोपं वाटतं. पण कार्ड जरा जोरदार झालं की ज्याच्या हातात ते येईल तोच जिंकतो आणि खेळाची मजा जाते. जरा मऊ झालं की कोणी हात लावत नाही. तराजूचा काटा बरोबर मधे थांबला पाहिजे. त्यासाठी लोक जिवाचा आटापिटा करतात, अर्ध्या दमावरून तीन तीन दिवस भांडतात.

रेइनो रिंकमधल्या माणसांची कार्डं बनवायचा. आमच्या मॅनेजरचं कार्ड होतं 'बंदर अधिकारी'. मार शून्य, दम नऊ, जागेवरून हलत नाही. माझं कार्ड 'धारवाली'. मार पाच, दम एक, आणि समोर शत्रू नसेल तर आपल्याच माणसाला चावते. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याची प्रत काढून माझ्या काउंटरला चिकटवली, कारण आमच्या आईनेही मला इतकं अचूक ओळखलं नव्हतं.

घाटावर वर्षातून एकदा स्पर्धा असते. पहिली तीन कार्डं वर्षभर चाहत्यांच्या टेबलावर खेळली जातात, जगभरातली माणसं ती हातात धरतात. रेइनोने नऊ वर्षं कार्डं पाठवली आणि नऊही वर्षं पहिल्या फेरीत उडाला. ती स्पर्धा प्रुडन्स नावाची एक निवृत्त नर्स चालवते, न्यू ब्रन्सविकची. बाई कडक. तिचे शेरे दोन ओळींचे असतात आणि वाचणाऱ्याचा दिवस खराब करतात.

आणि आता लोरेटा.

लोरेटा डेलुका आमच्या रिंकचं खाण्याचं दुकान चालवते. माझ्या काउंटरच्या बरोबर समोर. पहाटे साडेपाचला शटर वर, कॉफी तयार, साडेसहाला तळणी गरम. ग्रेव्ही घातलेले फ्राइज खावेत तर तिच्या हातचे. नवरा तेरा वर्षांपूर्वी सोडून गेला, आणि "जाताना चांगली कढईपण घेऊन गेला" एवढंच ती त्याच्याबद्दल बोलते. मुलगी विनिपेगला. रेइनोने लग्न केलंच नव्हतं. राखून ठेवलं असेल. गेली काही वर्षं तो रोज तिच्याकडून एक कॉफी घ्यायचा, "आज बर्फ बरा आहे" म्हणायचा, ती "बरं झालं बाई" म्हणायची, आणि हा माझ्याकडे यायचा तो तोंडावर मोठी लढाई जिंकल्यासारखा आव आणून.

"बोललास?" मी विचारायचे.

"बोललो."

"काय?"

"बर्फाचं."

मी कपाळाला हात लावायचे.

यंदा फेब्रुवारीत बातमी आली. लोरेटाच्या मुलीला जुळं झालं आणि लोरेटाने दुकान सोडून विनिपेगला जायचं ठरवलं. एकवीस एप्रिल. आठ तासांचा रस्ता. रेइनोने ते ऐकलं, गाडीवर जाऊन बसला, आणि त्या दिवशी त्याने बर्फावर एक फेरी जास्त मारली. संध्याकाळी मला म्हणाला, "बर्ने, मी तिच्यावर कार्ड बनवतोय."

"बनव. दाखव तिला."

"आता नाही. स्पर्धेत पाठवतो. जिंकलं की दाखवतो, आणि मग..." मग काय ते त्याच्या कानांच्या रंगावरून समजून घ्यायचं होतं.

"निकाल कधी?"

"एक मे."

मी हातातलं स्केट खाली ठेवलं. "ती एकवीस एप्रिलला जाणार. एक मेला तू कोणाला दाखवणार, तळणीला?"

तर म्हणे पत्राने कळवीन. सत्तावन्न वर्षांचा घोडा. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी एका गोलकीपरचं पातं वाकडं घासलं.

पण कार्ड बनवलं मात्र त्याने झकास. 'धक्क्यावरची खाणावळवाली'. चित्र स्वतः काढलं होतं. चेहरा जमत नाही म्हणून पाठमोरी बाई, मागे गाठ मारलेला एप्रन, आणि डाव्या मनगटावर तळणीच्या तेलाचा डाग. वारे तीन. मार शून्य, दम चार. आणि करामत अशी: तुमच्या प्रत्येक पाळीच्या शेवटी तुमच्या सगळ्या खलाशांचा मार एकने वाढतो आणि दमही एकने. ती सगळ्यांना जेवायला घालते, सगळे तगडे होतात.

मी म्हटलं, "जरा जास्तच नाही का हे?"

त्याने वही पुढे केली. त्याने शंभर डाव खेळले होते. एकटाच, दोन्ही बाजूंनी. खाणावळवाली एक्कावन्न डाव जिंकली होती, एकोणपन्नास हरली होती. आता शंभर डावांपुढे मी काय बोलणार? काटा मधोमध होता. मी गप्प बसले, आणि ही माझी चूक झाली, कारण मी ओळखायला हवं होतं.

प्रुडन्सबाईंचा शेरा आला. 'तीन वारे? सहा करा. नाहीतर हे कार्ड टेबल गिळेल.'

रेइनो असा चिडला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. त्याने पूर्ण वहीचे फोटो पाठवले. बाईंनी उत्तर दिलं, 'स्वतःशी खेळलेले डाव मी धरत नाही. उलटा डाव लावा. शनिवारी पाचपर्यंत.'

उलटा डाव ही घाटाची पद्धत. कार्ड बनवणाऱ्याने कार्डाच्या विरुद्ध बसायचं. कार्ड दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचं. सात डाव, एक साक्षीदार. आणि अट एकच: ते दुसरं माणूस कोऱ्या डोळ्यांचं पाहिजे, म्हणजे ते कार्ड त्याने आधी कधी पाहिलेलं नको.

शनिवारी सकाळी रेइनो कोऱ्या डोळ्यांचं माणूस शोधत हिंडत होता. पण या बाबाने दोन महिने ते कार्ड कोणाला दाखवलं नव्हतं? मॅनेजरला दाखवलं होतं. तिकीटवालीला, हॉकीच्या दोन्ही प्रशिक्षकांना, टपाल आणणाऱ्याला, छत दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही. सगळ्यांनी ते पाहिलेलं. बहिणीला फोन लावला, तर तिला मार्चमध्येच पाठवलं होतं.

बारा वाजता तो माझ्या काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला. "संपलं. अख्ख्या इमारतीत एक माणूस उरलं नाही."

"एक उरलंय," मी म्हटलं.

त्याने मागे वळून समोरच्या दुकानाकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे वळला. "नाही बर्ने. ती सोडून."

"ती सोडून सगळ्यांना दाखवलंस म्हणूनच ती उरली, शहाण्या."

"तिला खेळ येत नाही."

"तिच्या घरात इटालियन पत्ते दूध सुटायच्या आधी शिकवतात." मी म्हटलं, "नाताळच्या जेवणात तिने तुझ्या मॅनेजरला ब्रिस्कोलामध्ये रडवलं होतं, विसरलास?"

तो म्हणाला, मला वेळ दे. मी वेळ दिला नाही. तिथूनच ओरडले, "लोरेटा, दुपारी तासभर मोकळी आहेस का? पत्ते खेळायचेत."

"कोणाला हरवायचंय?" ती तळणीआडून म्हणाली.

"रेइनोला."

"आले. हे फ्राइज काढते तेवढे."

आम्ही माझ्या काउंटरवर दोन लॅपटॉप मांडले. घाटावर चाचणीचं एक टेबल असतं, त्यात आपलं कार्ड भरून खेळता येतं. लोरेटाने हात पुसले, चष्मा लावला आणि मी तिला वीस मिनिटांत खेळ समजावला. तिने फक्त दोनच प्रश्न विचारले. "जिंकायचं कसं?" आणि "खोटं खेळता येतं का?" येत नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली.

रेइनो समोर बसला. सकाळची दाढी केलेली, पण एका गालाची राहिली होती.

पहिला डाव. तिसऱ्या पाळीला लोरेटाच्या हातात खाणावळवाली आली आणि तिने ती ताबडतोब टाकली. रेइनोने मान वर केली. चौथ्या पाळीला तिचे दोन खलाशी तगडे झाले, पाचव्या पाळीला आणखी तगडे, आणि सातव्या पाळीला रेइनोच्या भिंतीचा एक दगड उरला नाही. मी वहीत लिहिलं: एक-शून्य.

दुसरा डावही तसाच. तिसरा तर सहाव्याच पाळीला आटोपला. लोरेटा मजेत होती. "हा खेळ सोपा आहे की. तुम्ही लोक एवढी डोकेफोड कशाची करता?" चौथा डाव संपला तेव्हा चार-शून्य झालं होतं, आणि सातांतले चार गेले म्हणजे निकाल लागलाच. कार्ड टेबल गिळत होतं. प्रुडन्सबाईंचं बरोबर होतं.

रेइनो म्हणाला, "तू तिला तिसऱ्याच पाळीला का टाकतेस?"

"मग कधी टाकू?"

"पुढे. अडचणीच्या वेळी. एवढं चांगलं कार्ड आहे."

"चांगलं आहे म्हणूनच टाकते ना," लोरेटा म्हणाली. "वारा आहे, हातात आहे, बाई कामाची आहे. हातात धरून ठेवू आणि बघत बसू का?"

रेइनोने त्याची वही ओढून घेतली. प्रत्येक डावात खाणावळवाली कितव्या पाळीला टाकली तेही त्याने लिहून ठेवलं होतं, शिस्तीचा माणूस. तो बोट फिरवत वाचायला लागला. आठवी. नववी. आठवी. आठवी. दहावी. पानं उलटली. शंभर डाव, दोन्ही बाजू स्वतःच्या हातात, आणि एकदाही त्याने तिला आठव्या पाळीआधी खाली ठेवलं नव्हतं. आठव्या पाळीला टाकलं तर ती दोनदा-तीनदा वाढणार आणि डाव संपणार. म्हणून त्याचा काटा मधे थांबत होता. हातचं राखून खेळायची सवय त्याला इतकी मुरलेली, की राखतोय हेच त्याला दिसलं नाही. आणि मी, चोवीस वर्षं त्याचे पर्शियन खाणारी, मलाही दिसलं नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला. रेइनो उठला, वही तशीच उघडी ठेवून गाडीकडे गेला.

लोरेटाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. खेळताना तिने आकडेच पाहिले होते. चित्र आता पाहिलं. मग स्वतःचं डावं मनगट उलटं करून पाहिलं.

"बर्ने, ही मी आहे का?"

माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण मी म्हटलं, "त्यालाच विचार," आणि एक स्केट उचलून उगाच घासायला लागले. धार आधीच लावलेली होती.

काचेपलीकडे रेइनो फेऱ्या मारत होता. लोरेटा त्याच्याकडे बघत होती. तो दर फेरीला आमच्या खिडकीसमोरून जायचा आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचा. दहा मिनिटांनी परत आला, हातमोजे काढले, बसला.

"रेइनो," ती म्हणाली, "ही कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पात्याकडे पाहिलं. मला माहीत होतं तो काय म्हणणार. बंदरावरची एक बाई, म्हणणार. किंवा निकालानंतर सांगतो म्हणणार. खरं सांगते, त्याच्या जागी मी असते तरी इतकी घाबरले नसते.

"तू," रेइनो म्हणाला.

लोरेटाने मान हलवली आणि पुन्हा चष्मा नीट बसवला. "मग हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"मी सगळ्यांना वाढत नाही. सगळ्यांना थोडं थोडं वाढत बसले तर माझी तळणी पुरेल का? ज्याचा चेहरा सगळ्यांत उतरलेला, त्याला आधी. मग तो रांगेत शेवटी का असेना. आणि त्याला भरपूर. बाकीचे बोंबलू देत."

मी सांगते, हे शंभर टक्के खरं होतं. रांग तोडून कोणाला वाढलं म्हणून तिची तक्रार तीनदा मॅनेजरकडे गेली आहे.

रेइनो पेन्सिल शोधायला लागला. "प्रुडन्स म्हणते सहा वारे कर."

"म्हणजे काय होईल?"

"सहाव्या पाळीआधी तुला टाकता येणार नाही."

"सहाव्या?" लोरेटाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे सगळी खेळून दमल्यावर मी उगवणार? पहाटे साडेपाचला या इमारतीचं पहिलं शटर कोण उघडतं? सांग त्या बाईला. तीनच ठेव."

"तीन ठेवतो," रेइनो म्हणाला, "आणि मार वाढवायचं काढून टाकतो. फक्त दम."

"काढ. माझ्या फ्राइजने कोणाला मारामारीचा जोर येत नाही. झोप येते."

मग त्या दोघांचं असं काही सुरू झालं की मी तिथे आहे हेही ते दोघं विसरले. डोकी एका पडद्यापुढे. दम किती वाढवायचा यावर जुंपली. रेइनो एक म्हणाला, लोरेटा तीन म्हणाली, माझ्या हातचं खाऊन फक्त एक वाढतो म्हणतोस, लाज नाही वाटत? शेवटी दोनवर आले. नवीन कार्ड असं झालं: तीन वारे, मार शून्य, दम चार, आणि तुमच्या प्रत्येक पाळीच्या शेवटी तुमच्या सगळ्यांत दमलेल्या खलाशाचा दम दोनने वाढतो. बस, एवढंच. दोन ओळींत मावलं. रेइनोचं दोन ओळींत मावलेलं हे पहिलं कार्ड.

कोऱ्या डोळ्यांची अट आता कशी पाळायची म्हणून रेइनो अडला. मी प्रुडन्सबाईंना सरळ लिहिलं की ज्या बाईचं कार्ड आहे तीच समोर बसली आहे आणि तिने आत्ताच ते दुरुस्त केलंय. पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'खेळा. तिचं नाव साक्षीदार म्हणून घाला.' दोन ओळींची बाई, पण माणूस चांगली.

पुन्हा सात डाव. पहिला लोरेटाने घेतला, दुसरा रेइनोने. ती अजूनही तिसऱ्याच पाळीला खाणावळवाली टाकत होती, पण आता त्यालाही खेळायला वाव होता. दोन-दोन झाले, तीन-तीन झाले. तिकीटवाली आणि एक प्रशिक्षक पाठीमागे येऊन उभे राहिले. समोर खाण्याच्या दुकानापुढे रांग लागली होती आणि लोरेटा मान न वळवता सांगत होती, "कॉफी स्वतः घ्या, चमचे डावीकडे." सातव्या डावात दोघांच्याही भिंतीचे दोन-दोन दगड उरले. शेवटी रेइनो जिंकला आणि जिंकल्याबरोबर तिला सॉरी म्हणाला.

"सॉरी काय म्हणतोस? तुझं कार्ड बरोबर झालं ना?"

"झालं."

पाचला आठ मिनिटं असताना आम्ही ते पाठवलं.

स्पर्धेचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिथेच अडकेल. कार्ड तिसरं आलं. म्हणजे वर्षभर जगभरातली माणसं आमच्या लोरेटाला तिसऱ्या पाळीला टाकतायत. प्रुडन्सबाईंनी शेरा दिला, 'बरोबर'. एकच शब्द. घाटावरच्या लोकांनी त्याची चौकट करून ठेवलीय.

पण मला त्या शनिवारचं सांगायचंय. पाठवून झाल्यावर तिकीटवाली आणि प्रशिक्षक गेले. लोरेटा उठून एप्रनची गाठ पुन्हा बांधत होती.

"निकाल कधी आहे?" तिने विचारलं.

"एक मे," रेइनो म्हणाला.

"मी तर एकवीसलाच जाणार."

"माहितीय."

मी मनात म्हटलं, हा आता म्हणणार, पत्राने कळवतो. मी हातात स्केट तयार धरलं होतं, तसं म्हणाला असता तर फेकून मारणार होते. रेइनो उभा राहिला. खुर्ची मागे सरकवायची विसरला, त्यामुळे धड उभाही राहता येईना, काउंटर आणि खुर्चीच्या मधे अर्धवट वाकलेला.

"लोरेटा, मला तू आवडतेस. चार वर्षं झाली."

"चार?" ती म्हणाली. "मला वाटलं सहा."

"सहाच. पहिली दोन मी धरली नाहीत. खात्री नव्हती."

लोरेटा हसली. मोठ्याने नाही, पण मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि समोरच रोज बघत आलेय. मग एकदम भडकली. "सहा वर्षं रोज मला बर्फाच्या बातम्या देतोस. आणि हे सांगतोस कधी, सोळा दिवस राहिले असताना? सोळा दिवसांत काय होतं रे?"

"माझी रजा शिल्लक आहे," रेइनो म्हणाला.

"किती?"

"एकशे बारा दिवस. मी कधी घेतलीच नाही."

मी स्केट खाली ठेवलं.

लोरेटाची मुलगी, जुळं, सामानाची खोकी, काय काय तिच्या डोक्यातून गेलं असेल ते तिलाच ठाऊक. मग तिने पदरासारखा तो एप्रन कमरेशी ओढला आणि म्हणाली, "विनिपेगला हॉटेलात राहायचं. मुलीला मी आधी सांगेन. आणि तिच्यापुढे बर्फाबद्दल एक शब्द काढलास तर हाकलून देईन."

"बरं."

"मग अर्ज भर. आत्ता, माझ्यासमोर."

रजेचा कोरा अर्ज माझ्याच खणात होता. मी दिला. रेइनोने नाव लिहिलं, किती दिवस ते लिहिलं, आणि 'कधीपासून' या रकान्यापाशी त्याची पेन्सिल थांबली. मोसम संपायला अजून तीन आठवडे होते, महिनाअखेर मैदानावरचा बर्फ वितळवून काढायचा होता, बर्फगाडी दुसऱ्या कोणाला नीट येत नव्हती. कोणाही शहाण्या माणसाने एकवीस एप्रिल लिहिलं असतं.

त्याने उद्याची तारीख लिहिली.

मॅनेजर आठवडाभर ओरडत होता. बर्फगाडी मोसम संपेपर्यंत मी चालवली. दोनदा कठड्याला घासली, एकदा फाटकात अडकवली, आणि समोर दुकानात रेइनो एप्रन बांधून लोरेटाला फ्राइज काढू लागताना दिसला की दर फेरीला भोंगा वाजवून दोघांना शिव्या घातल्या.